सरपंचबाईंनी ‘गैरवर्तणूक’ केली म्हणजे काय केलं?

भाऊ, शेजारच्या गावच्या सरपंचबाईंना पदावरून काढल्याचं मी लिहिलं आणि ‘गैरवर्तणूक’ हा शब्द तसाच ठेवला. त्यावर तुम्ही विचारता, ‘बाईमाणसाच्या अब्रूवर शिंतोडे कशाला? सरळ गैरव्यवहार लिहायचं ना.’

हा शब्द 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमातल्या कलम 39 चा आहे. जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडून (सीईओंकडून) चौकशी होते, सरपंचाला म्हणणं मांडू देतात आणि मग आपल्याकडची प्रकरणं संभाजीनगरला विभागीय आयुक्तांपुढं जातात. कर्तव्य बजावताना गैरवर्तणूक हे काढण्याचं एक कारण, लज्जास्पद वर्तन हे दुसरं. दोन्ही वेगवेगळी सांगितलीत. तुम्हाला जे खटकलं ते दुसऱ्यात बसतं. पहिल्याचा संबंध फक्त खुर्चीशी आहे.

बाईंवरचा ठपका काय होता? निविदा न काढता गुत्तेदाराला नालीचं काम दिलं आणि ठराव मागाहून लिहिला. नाली झालीय, झालेल्या कामाची मापं लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेत नोंद आहे, पैसा कुणाच्या घरात गेल्याचं चौकशीत निघालेलं नाही. अशा वेळी ‘गैरव्यवहार’ लिहिलं असतं तर वाचणारा ‘पैसे खाल्ले’ असंच समजला असता. ते खरे शिंतोडे झाले असते. पैसा खरंच खाल्ला असता तर ‘अपहार’ म्हणायचं, आणि मग पोलीस ठाण्यात गुन्हाही दाखल व्हायला पाहिजे.

आता बाईंच्या बाजूचंही सांगतो. हातून झालेली प्रत्येक चूक गैरवर्तणूक होत नाही. पंजाबातल्या एका पोलीस शिपायाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 1992 मध्ये म्हटलंय की नुसता अंदाज चुकला किंवा कामात निष्काळजीपणा झाला एवढ्यावर तो शिक्का मारता येत नाही. (त्या शिपायाला यातून काही सुटका मिळाली नाही, तो ड्यूटीवर दारू प्यालेला होता.) सह्या बाईंच्या आणि कारभार नवऱ्याचा, हे आख्ख्या गावाला माहीत. पण कागदावर सहीच बोलते.

तरी तुमच्या कानाला शब्द तसा का लागला ते कळतं. पेपरवाल्यांनी त्याची वाट लावलीय. गुन्हा विनयभंगाचा दाखल असतो आणि मथळा येतो, ‘विद्यार्थिनीशी गैरवर्तन’. पोरीवर जे गुदरलं ते झाकायला हा शब्द वापरायचा, आणि मग तोच एखाद्या सरपंचबाईच्या आदेशात दिसला की पारावर भलतीच कुजबुज. पुरुष सरपंचाला याच कलमाखाली काढलं तर लोक म्हणतात, ‘बिल उचललं असंल.’ बाईच्या वेळी विचारतात, ‘काय केलं असंल बाईनं?’ तुमचा राग त्या मथळ्यांवर आणि त्या पारावर निघाला असता तर मीही तुमच्या बाजूनं भांडलो असतो.

बाईंनी शासनाकडं अपील केलंय. निकाल आला की त्यातला शब्दही जसाच्या तसा देईन.