अवचेतन मनाने वजन उतरवण्याच्या शिबिरांविषयी

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी लग्नसराई आटोपली की मंगल कार्यालये पूर्वी रिकामी पडून असत. आता तिथे 'अवचेतन मनाच्या शक्तीने वजन कमी करा' असे फलक लागतात. शिबिराचे शुल्क निंदणाच्या आठवडाभराच्या मजुरीहून जास्त असते. तरीही आमच्या बचत गटातल्या काही जणी जाऊन आल्या, आणि ज्यांना जाणे जमले नाही त्या तेच प्रवचन मोबाईलवर ऐकत झोपतात. डोळे मिटून स्वतःला सडपातळ रूपात पाहायचे, 'माझे वजन रोज कमी होत आहे' हे वाक्य २१ दिवस सकाळ-संध्याकाळ म्हणायचे आणि मनात शंका येऊ द्यायची नाही, एवढीच साधना. माझा मुख्य आक्षेप या शेवटच्या अटीला आहे.

या अटीमुळे पद्धत कधीच खोटी ठरत नाही. वजन उतरले तर श्रेय पद्धतीचे आणि नाही उतरले तर दोष शंका घेणाऱ्या बाईचा. आमच्या शेजारच्या वहिनींनी मुलाच्या जुन्या भूगोलाच्या वहीच्या कोऱ्या पानांवर ते वाक्य ओळीखाली ओळ लिहून काढले होते. पहिल्या पानावरची टपोरी अक्षरे शेवटच्या पानापर्यंत बारीक आणि घाईची झाली होती. अंगणवाडीच्या काट्यावर फरक दिसला नाही, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "मॅडम, माह्याच मनात कुठंतरी शंका रायली असंन, म्हणून नाही उतरलं." शुल्काचे पैसे गेले याचे मला तितके वाटले नाही, पण या वाक्याचा राग आला. खरे तर आपल्याकडचा माणूस इतका भोळा नाही. व्यापाऱ्याकडे कापूस मोजताना काट्यावरची नजर तो हटू देत नाही आणि 'विश्वास ठेवा, वजन बरोबर आहे' असे कोणी म्हटले, तर तिथेच भांडण उभे करतो. मग शरीराच्या वजनाच्या बाबतीत काट्यापेक्षा श्रद्धेला वरचे स्थान का द्यावे?

शिबिरात शास्त्राचा हवाला मात्र सढळ हाताने दिला जातो, म्हणून त्या शास्त्राकडेही पाहू. २१ दिवसांचा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या लिखाणातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्याचा चरबीशी काही संबंध नव्हता, आणि त्यातला 'निदान' हा शब्द पुढे सोयीने गळून पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नव्या सवयी अंगवळणी पडायला किती काळ लागतो हे मोजले, तेव्हा मध्यक ६६ दिवसांचा आला आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला.

स्वतःला सडपातळ पाहण्याबद्दलचा अभ्यास तर शिबिरवाल्यांच्या थेट विरोधात जातो. गॅब्रिएल ओटिंगेन आणि टॉमस वॉडन यांनी १९९१ साली वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातल्या २५ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल अशी अपेक्षा बाळगणाऱ्या स्त्रियांचे वजन जास्त उतरले होते. पण आपण बारीक झालो आहोत, मोहाचे पदार्थ सहज टाळतो आहोत, अशा गोड कल्पनाचित्रांत रमणाऱ्यांचे वर्षभरात तुलनेने कमी उतरले. अपेक्षा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिबिरात दुसरी विकली जाते. हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बायांना 'तुमचे काम म्हणजेच व्यायाम आहे' असे सांगितल्यावर त्यांचे वजन थोडे घटले, हा २००७ चा अमेरिकेतला प्रयोगही तिथे आवर्जून सांगतात. घट जेमतेम किलोभराची होती आणि २०११ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तसाच प्रयोग करून पाहिला तेव्हा परिणाम आढळला नाही, हे सांगायचे राहून जाते.

मुळात भूक हा केवळ विचार नाही. वजन उतरले की शरीर ते परत मिळवू पाहते. प्रिया सुमित्रन आणि सहकाऱ्यांनी मेलबर्नला ५० जणांवर केलेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वजन घटवल्यानंतर वर्षभरानेही भूक वाढवणारी संप्रेरके पूर्वीच्या पातळीवर परतली नव्हती. ज्या बाईला पुन्हा भूक लागते तिची श्रद्धा कमी पडलेली नसते, तिचे शरीर आपले काम करत असते.

आणि आमच्या गावातल्या बाईचा दिवस या शिबिरवाल्यांनी कधी पाहिला आहे काय, असा मला प्रश्न पडतो. ती पहाटे उठते, दिवसभरात चार वेळा साखरेचा चहा घेते, घरातले सगळे जेवल्यावर रात्री उशिरा ताटाला बसते आणि गंजात उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तोही संपवते. सोयाबीनने जवारीचा पेरा खाल्ला, भाकरीच्या जागी रेशनचा तांदूळ आणि गव्हाची पोळी आली, तणनाशकामुळे निंदणाचे दिवस घटले. भाजीत तेल किती घालायचे हे तिच्या मनापेक्षा घरातल्या पुरुषांच्या जिभेवर ठरते. जेवणाच्या एका मोठ्या चमच्याएवढ्या तेलात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावले असेल किंवा मधुमेहाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर वजन त्यानेही वाढते. यातली एकही गोष्ट डोळे मिटल्याने बदलत नाही.

मनाचा काहीच उपयोग नाही, असे माझे म्हणणे नाही. खाल्लेले रोज लिहून ठेवणे हेही मनाचेच काम आहे आणि त्याचा उपयोग होतो: २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १,७०० लोकांच्या एका अमेरिकन अभ्यासात नियमित नोंदी ठेवणाऱ्यांचे वजन न ठेवणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट उतरले होते. वहिनींच्या त्या वहीत चहा, भात आणि तेल यांची नोंद झाली असती, तर निदान काहीतरी हाती लागले असते. पण अशा नोंदीला वही आणि पेन पुरते, मंगल कार्यालय भाड्याने घ्यावे लागत नाही.

कायद्याचीही एक बाब इथे नोंदवते. १९५४ च्या 'ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज' कायद्याच्या परिशिष्टात ज्या विकारांवरील उपचारांच्या जाहिरातींना बंदी आहे त्यांत लठ्ठपणा आहे, आणि चमत्कारी उपायाच्या व्याख्येत ताईत, कवच यांबरोबर मंत्रही आहे. रोज म्हणायचे वाक्य त्यात बसते की नाही हे वकिलांनी ठरवावे. मला आयोजकांकडून एवढेच हवे आहे: शिबिराला आलेल्या प्रत्येकीचे पहिल्या दिवशीचे आणि वर्षानंतरचे वजन, मधूनच सोडून गेलेल्यांसह, त्यांनी याच फलकावर लावावे. पुढच्या शिबिराच्या नोंदणीला आमच्या गटातून कोणी निघाली, तर हा कागद आधी मागून घ्या, असे मी बैठकीत सांगितले आहे.