पिटातलं तिकीट

माझा लंडनमधला रूममेट सांगलीचा. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून जगातल्या समस्त रंगभूमीची देखरेख आपल्या गावाकडे आहे, अशी त्याची ठाम समजूत. त्यामुळे मी शेक्सपिअरचं ग्लोब थिएटर न बघताच पदवी घेऊन परत जाणार, हे त्याला सोसवेना. “तिकीट पाच पौंड आहे रे,” तो म्हणाला. पौंडाचे मनातल्या मनात रुपये केल्याशिवाय दुधाची बाटलीही न उचलणाऱ्या माणसाला एवढं आमिष पुरे असतं.

पाच पौंडांत तेव्हा उभं राहायला मिळायचं. भोवतीच्या लाकडी सज्ज्यांमध्ये बाकांवर पैसेवाले, त्यांना बुडाखाली घ्यायला भाड्याने उशा. मधोमध बिनछपराचं अंगण, आणि त्यात सातशे माणसं मावतात. आपला पिटच, फक्त खुर्च्या काढून घेतलेला. खाली बसायचं नाही. छत्री उघडायची नाही, मागच्याला दिसत नाही म्हणून. जाणकार लोक लवकर येऊन रंगमंचाच्या कडेवर कोपरं टेकतात, किंवा मागची भिंत धरतात. आमच्या वाट्याला मधला भाग आला, जिथे टेकायला फक्त परकी माणसं असतात.

“चारशे वर्षांपूर्वी एक पेनी देऊन लोक असेच उभे राहायचे!” रूममेट गहिवरून म्हणाला. राहत असतील. त्यांचं मूळ ग्लोब थोडं पलीकडे, 1599 सालचं. 1613 मध्ये ‘आठवा हेन्री’च्या प्रयोगात तोफ उडवली, ठिणगी गवताच्या छपरात गेली आणि तासाभरात थिएटरची राख झाली. एका गृहस्थाची तर विजारच पेटली. ती बाटलीतली बिअर ओतून विझवावी लागली. (बिअर कुणाची होती, याची नोंद नाही. मला त्या माणसाबद्दल जास्त वाईट वाटतं.) पुन्हा बांधलेलं थिएटर 1642 मध्ये प्युरिटन, म्हणजे कर्मठ धार्मिक मंडळींनी बंद पाडलं. आताचं उभं राहिलं ते सॅम वानामेकर या अमेरिकन नटाच्या ध्यासापायी. त्याने आयुष्यातली कितीतरी वर्षं पैसे गोळा करण्यात घालवली, आणि 1997 ला पडदा उघडायच्या आधीच, 1993 मध्ये तो गेला. छप्पर पुन्हा गवताचंच, पण या वेळी त्यावर पाणी फवारायची सोय आहे.

अंगणात ती सोय आभाळाकडे आहे. ‘किंग लिअर’ सुरू झालं आणि मुलींनी बापाला घराबाहेर काढेपर्यंत माझ्या पोटऱ्या बोलायला लागल्या होत्या. मग ते प्रसिद्ध वादळ आलं. स्टेजवरही आणि खरंही. महाराज हात पसरून पावसाला ‘कोसळ, कोसळ’ म्हणून आव्हान देत होते, पण त्यांच्या डोक्यावर दोन जाडजूड खांबांनी तोललेलं, नक्षत्रं रंगवलेलं सुंदर छत! राजा ठणठणीत कोरडा, आणि ज्यांनी कुणाच्याही मुलींचं काही बिघडवलं नव्हतं ती प्रजा चिंब. माझ्या मानेवरून एक धार थेट बनियनपर्यंत गेली. मी रूममेटकडे पाहिलं. तो रडत होता. नाटकामुळे की पावसामुळे, ते कळायला मार्ग नव्हता.

2014 साली इथेच ‘टायटस अँड्रॉनिकस’ बघताना कितीतरी प्रेक्षक चक्कर येऊन पडले. वर्तमानपत्रांनी खापर रंगमंचावरच्या रक्तपातावर फोडलं. माझं मत वेगळं आहे. त्या अंगणात कुणी हटकल्याशिवाय आडवं होण्याचा तो एकमेव मार्ग आहे.

शेवटी लिअर मेला, त्याच्या तिन्ही मुली मेल्या, आणि आम्ही टाळ्या वाजवू लागलो तोच वाद्यं वाजायला लागली. शोकांतिका असली तरी प्रयोगानंतर सगळ्यांनी मिळून नाचायचं, ही त्या काळची रीत इथे पाळतात. आत्ता मेलेली मंडळी उठली आणि पाय आपटत, उड्या मारत नाचू लागली. ऐंशी वर्षांचे महाराज सगळ्यांत पुढे.

“चल, निघू या,” रूममेट म्हणाला.

“तू हो पुढे,” मी म्हणालो. “डावा पाय अजून जागा व्हायचाय.”