मांजर कोणती घ्यावी, पर्शियन की सयामी?
पर्शियन शांत असते म्हणून लहान मुलांच्या घरात तीच घ्यावी, असं एका लेखात म्हटलंय. शांत असते हे खरं, पण तिचे केस रोज विंचरावे लागतात. दोन-चार दिवस राहून गेलं की काखेत आणि पोटाखाली गुंता होऊन घट्ट गोळे बसतात, ते सोडवताना बिचारीला दुखतं. चपट्या नाकामुळे डोळेही सारखे पाणावतात. शिवाय या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो. पिल्लू घेण्याआधी आई-बापाची जनुकीय चाचणी झाली आहे का, हे विचाराच! सयामीच्या केसांचं फारसं काही करावं लागत नाही, पण तिला माणसं लागतात. एकटी पडली की ओरडून घर डोक्यावर घेते. घरात दिवसभर कुणीतरी असेल तर मी सयामीच सुचवेन.