‘प्लेटलेट मुद्दाम फ्रिजबाहेर ठेवतात’ : फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

डेंग्यूचे पेशंट वाढले की जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : रक्तपेढ्या प्लेटलेटच्या पिशव्या मुद्दाम फ्रिजबाहेर ठेवतात, म्हणजे त्या ५ दिवसांत खराब होतात आणि लोकांना नवी पिशवी घ्यावी लागते. फ्रिजमध्ये ठेवल्या तर रक्तासारख्याच महिनाभर टिकतील. मशिनवर हलवत ठेवणं हा नुसता देखावा. म्हणून पिशवी हातात आली की लगेच बर्फात घाला.

मी रक्तपेढीत काम करतो. या शेवटच्या सल्ल्यामुळे पेशंटचं खरंच नुकसान होतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी फ्रिजचं. एका दात्याच्या रक्तातून आम्ही लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट वेगळ्या करतो, आणि तिन्हींची ठेवण्याची तऱ्हा वेगळी. लाल पेशी २ ते ६ अंशांत, पिशवीतल्या द्रावणानुसार ३५ किंवा ४२ दिवस. प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवून वर्षभर. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांत, ५ दिवस. गार जागेत ठेवलं म्हणजे जास्त टिकलं, हा नियम सगळ्याला लागू होत नाही. केळी फ्रिजमध्ये ठेवली तर काळी पडतात, हे रावेर-यावलच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

प्लेटलेट मुळात चपटी, तबकडीच्या आकाराची. गारठली की ती गोल होते, तिला काटे फुटल्यासारखे दिसतात आणि तिच्या पृष्ठभागावरची प्रथिनं एका जागी गोळा होतात. अशी प्लेटलेट पेशंटच्या अंगात गेली की यकृतातल्या पेशी तिला हेरतात आणि रक्तातून काढून टाकतात. मर्फी आणि गार्डनर या संशोधकांनी १९६९ मध्येच दाखवलं होतं की फ्रिजमधल्या प्लेटलेट अंगात फार थोडा वेळ राहतात, खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या कितीतरी जास्त टिकतात. पिशवीत महिनाभर राहिली आणि पेशंटच्या अंगात फार वेळ राहिली नाही, तर प्लेटलेटचा काउंट वाढणार कसा?

यात एक गोष्ट खरी आहे, ती लपवण्याचं कारण नाही. थंड प्लेटलेट रक्त थांबवण्याचं काम झटकन करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये त्या १४ दिवसांपर्यंत ठेवायला वाट करून दिली, पण ती चालू रक्तस्राव थांबवण्यासाठी, आणि नेहमीच्या प्लेटलेट मिळत नसतील तिथे. काउंट टिकून राहावा म्हणून चढवायच्या पिशवीला ते लागू नाही. आणि तिथेही मुदत १४ दिवसांचीच आहे, महिन्याची नाही.

आता ५ दिवस का? मुख्य कारण जंतू. सुई टोचताना कातडीवरचा एखादा जंतू रक्तात येऊ शकतो. म्हणून टोचण्याची जागा नीट पुसतात आणि बऱ्याच पिशव्यांत सुरुवातीचं थोडं रक्त बाजूच्या लहान पिशवीत काढून घेतात. तरी एखादा राहिलाच, तर २२ अंशांत तो वाढतो. जितके दिवस जास्त, तितका धोका मोठा. मुदत संपलेली पिशवी टाकून देण्यात रक्तपेढीला फायदा नाही, उलट पिशवीचा, तपासण्यांचा आणि माणसांच्या कामाचा खर्च वाया जातो. रक्त विकता येत नाही, प्रक्रियेचा खर्च तेवढा घेता येतो. त्याहून जास्त कोणी मागितलं तर पावती घ्या आणि तक्रार करा. त्या रागाशी माझं भांडण नाही.

हलवण्याला देखावा म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं. प्लेटलेट जिवंत असतात, त्यांना प्राणवायू लागतो, आणि तो त्या खास पिशवीच्या प्लास्टिकमधून आत जातो. पिशवी दिवसेंदिवस पडून राहिली तर पेशी तळाला बसतात, प्राणवायू कमी पडतो, आम्ल साठतं, आणि पीएच (आम्लपणा दाखवणारा आकडा, आम्ल वाढलं की तो उतरतो) साधारण ६.२ च्या खाली गेला की त्या प्लेटलेट कामाच्या राहत नाहीत. अ‍ॅजिटेटरचे, म्हणजे त्या हलवणाऱ्या मशिनचे, ट्रे म्हणूनच रात्रंदिवस सावकाश मागेपुढे होतात. पिशवी देण्याआधी टेक्निशियन ती ट्यूबलाइटसमोर धरून हलकेच दाबतो. आत चमकदार लाटा सरकताना दिसल्या तर प्लेटलेट अजून चपट्या आहेत. लाटा दिसल्या नाहीत, सगळं एकसारखं गढूळ दिसलं, तर ती पिशवी बाजूला जाते.

‘फ्रिजबाहेर’ म्हणजे टेबलावर टाकून दिलेली, असंही नाही. मे महिन्यातल्या भुसावळात खोलीचं तापमान म्हणजे काय, आणि जानेवारीतल्या धुळ्यात पहाटे काय, ते आपल्याला माहीत आहे. दोन्ही प्लेटलेटला मानवत नाही. म्हणून अ‍ॅजिटेटर बंद कपाटात असतो, आतलं तापमान २२ अंशांच्या आसपास राखलेलं असतं आणि लाइट गेली तरी ते चालू राहील अशी सोय करावी लागते. सगळा जीव त्यातच अडकलेला असतो.

बर्फाचं तर काउंटरवर रोजचंच. ‘भाऊ, बर्फ टाकेल शे ना?’ नाही, टाकायचा नाही. लाल पेशींची पिशवी गार डब्यात न्या, प्लेटलेटची त्यात ठेवू नका. दोन्ही सोबत मिळाल्या तर डबे वेगळे. जळगावहून चोपड्याला न्यायची असेल तर बर्फ नसलेल्या जाड डब्यात, उन्हात न ठेवता, गाडीच्या तापलेल्या डिकीत न टाकता न्या. वाटेत काही तास हलवली नाही तरी बिघडत नाही. दवाखान्यात पोचली की वॉर्डातल्या फ्रिजमध्ये जाऊ देऊ नका, लगेच लावायला सांगा.

गावात शिबिर घेणाऱ्या मंडळांनाही हेच. ज्या रक्तातून प्लेटलेट काढायच्या, ते वेगळं करण्याआधी फ्रिजमध्ये गेलं तर त्यातून प्लेटलेट मिळत नाहीत, आणि वेगळं करायला हातात ६ ते ८ तासच असतात. अक्कलकुवा-धडगावकडून येणारी गाडी दुपारी वेळेवर निघाली पाहिजे, भाषणं नंतर होऊ द्या.

साठा करून ठेवता येत नाही, म्हणून डेंग्यूच्या दिवसांत एकाच रविवारी शंभर जणांनी रक्त देण्यापेक्षा थोडे थोडे दाते रोज आले तर जास्त उपयोग होतो. एसडीपी, म्हणजे मशिनवर एकाच दात्याकडून फक्त प्लेटलेट, देणाऱ्याला ४८ तासांनी पुन्हा देता येतं, आठवड्यात जास्तीत जास्त दोनदा आणि वर्षात २४ वेळा. फक्त आधीच्या ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी, कारण तिने प्लेटलेटची चिकटण्याची ताकद जाते. मंडळाच्या वहीत दात्याच्या रक्तगटाशेजारी शेवटच्या दानाची तारीख लिहून ठेवा, आणि फोन करताना गोळीचं आधी विचारा.