झाकण हुंगलेला माणूस

लग्नाचा २०वा वाढदिवस म्हणून शनिवारी पुण्यातल्या एका महागड्या हॉटेलात गेलो. मला फ्रिजमधली, किंचित गोडसर चेनिन ब्लां ही व्हाइट वाइन आवडते. हे वाक्य रिक्षात दोनदा घोकलंही होतं. पण काळं जाकीट घातलेला पोरगा टेबलाशी आला, 'आमचे सोमेलिए', म्हणजे वाइन सुचवणारे जाणकार, अशी ओळख झाली आणि माझ्या तोंडून निघालं, "तुम्हीच सुचवा."

त्याने कॅबर्ने सोव्हिन्यों ही रेड वाइन आणली. नाशिकचीच. फिरकीचं झाकण कर्रकन उघडलं, बशीत ठेवलं आणि माझ्यापुढे सरकवलं. बूच हुंगायला देतात हे ऐकून होतो, पण हे पत्र्याचं! तो मात्र हात मागे बांधून उभा. मग काय, हुंगलं. खोकल्याच्या औषधाचं हुंगावं तसं. वर "छान" म्हणालो. बायको मेनूकार्डाआड गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

मग ग्लासात तीर्थाएवढी ओतून तो म्हणाला, "सर, ढोबळी मिरची जाणवते?"

जाणवली, हीच तर पंचाईत. घरी ढोबळीची भाजी केली की मी लोणच्याशी जेवतो. इथे तीच ३२०० रुपये मोजून पीत होतो.

"कॅबर्नेचा गुणच आहे तो, सर!"

"जरा गार करून मिळेल?"

"रेड रूम टेम्परेचरलाच घेतात, सर."

अहो, कुणाच्या रूमच्या? ते माप युरोपातल्या गारठलेल्या जुन्या घरांचं, १६-१८ अंशांचं. आम्ही मे महिन्यात, गच्चीवर, पंख्याखाली. वाइन चक्क कोमट होती.

आणि ते तीर्थ बाटली बिघडलेली नाही ना हे बघायला असतं, आवडली का ते सांगायला नव्हे, हे घरी आल्यावर लेकीने सांगितलं. म्हणजे तोंड उघडायची वेळ आधीच गेलेली. पेरूवालासुद्धा 'कडक देऊ की पिकलेला?' विचारतो हो. याने काय आवडतं, किती खर्च करणार, यातलं एक अक्षर विचारलं नाही. माझं आजोळ दिंडोरीचं, द्राक्षं पाटीने खाल्लीत. पण जाकिटापुढे तेही सांगायची लाज वाटली, याचाच जास्त राग येतो.

मंगळवारी धुण्यात शर्टाच्या खिशातून ते झाकण निघालं. बायकोने काही न बोलता ते माझ्या डब्याशेजारी ठेवलं. डब्यात ढोबळी होती.