उभ्या गाडीची बॅटरी आणि 'आठवड्यातून पाच मिनिटे' : एक खुलासा

गावी किंवा परदेशी जाताना गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर शेजाऱ्याला किल्ली देऊन आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करायला सांगावे म्हणजे बॅटरी उतरत नाही, असा संदेश सध्या फिरत आहे. हेतू चांगला असला तरी हिशेब जुळत नाही.

गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि सेंट्रल लॉकिंग थोडा प्रवाह घेत राहतात. तो 30 मिलीअँपिअर धरला, तर आठवड्याला सुमारे 5 अँपिअर-तास (बॅटरीतील साठ्याचे माप) खर्च होतात. ते पाच मिनिटांत भरून काढायचे तर बॅटरीत सलग 60 अँपिअर जायला हवेत, आणि इंजिन नुसते आयडलिंगवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) असताना ते घडत नाही. अर्धवट उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट साचून ते कडक होते, आणि बॅटरी खरी मरते ती त्यामुळे.

त्याऐवजी बॅटरी पूर्ण चार्ज करून (इंजिन बंद केल्यावर काही तासांनी मल्टीमीटरवर सुमारे 12.6 व्होल्ट) निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवावे. बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना पुरतो. मात्र मग रिमोटने दार उघडत नाही, म्हणून दाराची साधी किल्ली चालते ना, हे आधी पाहावे. पार्किंगमध्ये प्लग असल्यास आपोआप थांबणारा चार्जर अधिक उत्तम. हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांसाठी मॅन्युअलच प्रमाण मानावे.

कृपया तो संदेश पुढे पाठवू नये.