रक्त कमी निघालं की 'बीट खा' म्हणणं आता थांबवूया

रक्तदान शिबिरात दात्याच्या बोटाला सुई टोचून आम्ही रक्ताचा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतो. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं लोहापासून बनणारं लाल द्रव्य, डेसीलिटरला १२.५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब सरळ तळाशी जातो. कमी असेल तर मध्येच घुटमळतो, नाहीतर वर तरंगत राहतो. १५ सेकंदांत निकाल. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, आणि बायकांच्या रांगेत असे तरंगणारे थेंब मला प्रत्येक शिबिरात दिसतात.

त्यानंतरचा संवादही ठरलेला. "ताई, तुमचं रक्त कमी आहे, आज देता येणार नाही." "हो, माझं कमीच असतं हो." मग शेजारी उभं असलेलं कुणीतरी सांगतं, बीट खा, डाळिंब खा, खजूर खा. ताई मान डोलावतात, बिस्किटाचा पुडा घेतात आणि घरी जातात. पुढच्या वर्षी त्याच ताई, तोच तरंगणारा थेंब.

मला या बीट-डाळिंबाचा खरंच राग येतो. त्या फळांवर नाही, तर त्या सल्ल्यावर, कारण त्याने बाईला वाटतं की आपल्याला उपाय मिळाला. १०० ग्रॅम बिटात लोह जेमतेम पाऊण मिलिग्रॅम. डाळिंबात आणि सफरचंदात त्याहूनही कमी. रंग लाल आहे म्हणून रक्त वाढेल, एवढंच त्यामागचं गणित. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पाळी येणाऱ्या बाईला आहारातून रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं, पुरुषाला १९. ही गरज बिटाने कशी भागणार? गुळाचंही तेच. गुळाचा खडा चवीला छान, पण त्यात अर्धा मिलिग्रॅम लोह मिळालं तरी खूप. रक्तासाठी म्हणून गूळ-शेंगदाणे खाणाऱ्या बायका निदान शेंगदाण्यांचं तरी काही मिळवतात.

आणि हा प्रश्न दोन-चार ताईंचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया ॲनिमिक, म्हणजे हिमोग्लोबिन कमी असलेल्या, निघाल्या. त्याआधीच्या सर्वेक्षणात हा आकडा ४८ होता. म्हणजे निम्म्याहून अधिक, आणि वाढता. सगळाच ॲनिमिया लोहाच्या कमतरतेने होत नाही, बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं हेही आपल्याकडे फार आहे, पण सगळ्यात मोठा वाटा लोहाचाच. निम्म्या पुरुषांचं असं काही निघालं असतं तर आपण इतके निवांत बसलो असतो का, हा प्रश्न मला पडतो.

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण तिथे आपल्याकडे चांगलं बरंच आहे आणि आपण ते वाया घालवतो.

बाजरीत १०० ग्रॅमला साधारण ६ मिलिग्रॅम लोह आहे, म्हणजे दोन भाकऱ्यांत एवढं येतं. मटकी, कुळीथ, चवळी यांत कच्च्या वजनाला ५ ते ९ च्या आसपास. माठ, राजगिऱ्याचा पाला, अळीव, तीळ हेही चांगले. अडचण अशी की धान्य-कडधान्यातलं लोह शरीर फार थोडं घेतं, शंभरातलं पाच-दहा टक्के. उरलेलं तसंच निघून जातं. मांस-मच्छीतल्या लोहाचं तसं नाही, ते त्याच्या कितीतरी पट शोषलं जातं. म्हणून ज्यांच्या घरात चालतं त्यांनी महिन्यातून चार-दोनदा कलेजी, मटण, तिसऱ्या (शिंपल्या) खाव्यात, आणि मुख्य म्हणजे त्या घरातल्या बाईच्या ताटातही पडाव्यात. रस्सा बायकांना आणि फोडी पुरुषांना, हे अजून किती घरांत चालतं ते आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

शाकाहारी ताटात मग करायचं काय? आंबट. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो, कच्ची कोथिंबीर. क जीवनसत्त्व सोबत असलं की तेच लोह कितीतरी जास्त शोषलं जातं. कडधान्याला मोड आणले, पीठ आंबवलं की लोहाला धरून ठेवणारी फायटेट कमी होतात. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवर लिंबू पिळणारी आपली आजी हे सगळं आधीच करत होती. आणि लोखंडी कढई. त्यात आमटी किंवा टोमॅटो घातलेली भाजी शिजवली की कढईतलं लोह अन्नात उतरतं. भाजी जरा काळपट दिसते म्हणून आपण ती कढई माळ्यावर टाकली आणि नॉनस्टिक आणलं. ती खाली काढा. फक्त भाजी शिजली की दुसऱ्या भांड्यात काढून घ्या, नाहीतर चव बिघडते.

आणि मग चहा. कांदेपोह्यांचंच बघा. पोह्यात लोह आहे, वर लिंबू पिळलंय, कोथिंबीर भुरभुरलीय. लोहासाठी याहून चांगला नाश्ता कुठला? पण पोह्यांच्या बशीला टेकूनच चहाचा कप असतो. चहातली टॅनिन्स लोहाला पकडतात आणि जेवणासोबत चहा घेतला तर त्यातल्या लोहाचं शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. चहा-चपातीचा नाश्ता तर आपल्या लाखो बायकांचा रोजचा. चहा सोडा असं मी म्हणत नाही, ते कुणी करणारही नाही. खाण्याच्या आधी आणि नंतर तासभर थांबा, एवढंच.

पण आहाराने कमतरता टळते. एकदा हिमोग्लोबिन ८-९ वर आलं की नुसत्या खाण्याने ते वर येत नाही. हे मला फार स्पष्टपणे सांगायचंय, कारण 'गोळ्या नकोत, नैसर्गिक उपाय सांगा' हे वाक्य मी सतत ऐकते. पाण्याच्या टाकीचा तळाचा नळ उघडा असताना वरून वाटीने पाणी ओतत बसण्यासारखं ते आहे. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलिटर रक्त गेलं तर ४० मिलिग्रॅम लोह गेलं, आणि जेवणातून रोज शरीरात शिरतं ते जेमतेम एक-दीड. म्हणून पाळी आठ-आठ दिवस चालत असेल, गाठी पडत असतील, रात्री उठून पॅड बदलावं लागत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. 'आमच्या घरात सगळ्यांनाच जास्त जातं' हे कारण नाही.

गोळ्यांबद्दल भीती फार आहे. लोहाच्या गोळीने शी काळी होते, ते अपेक्षितच आहे. मळमळतं, पोट बांधतं, हेही खरं. मग रात्री झोपताना घ्या, नाहीतर जेवणानंतर घ्या, डॉक्टरांना सांगून दुसरी बदलून घ्या, पण डबीत तशाच ठेवू नका. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस ती घ्यायची असते, फुकट मिळते. तरी 'गोळीने बाळ काळं होतं' असं सासरी कुणी सांगितलं म्हणून ती ट्रंकेत पडून राहते. बाळाच्या रंगाशी त्या गोळीचा काहीही संबंध नाही. शाळेत मुलींना मिळणाऱ्या आठवड्याच्या निळ्या गोळीचंही तेच, मुली घरी आणतात आणि आई म्हणते ठेव बाजूला.

कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नका, ॲसिडिटीच्या औषधासोबतही नको. दुधासोबत नको, लिंबूपाण्यासोबत घ्या. गरोदर नसलेल्या बाईने रोजऐवजी एक दिवसाआड घेतली तर लोह जास्त चांगलं शोषलं जातं असं स्वित्झर्लंडमध्ये २०१७ साली झालेल्या अभ्यासात दिसलं, कारण एका गोळीनंतर शरीर दिवसभर लोहाचं दार अर्धवट लावून घेतं. तुमच्या बाबतीत काय योग्य ते डॉक्टरांना विचारा. आणि हिमोग्लोबिन नॉर्मल आलं म्हणून लगेच थांबू नका. शरीरातला लोहाचा साठा भरायला पुढचे तीनेक महिने लागतात. साठा कळतो फेरिटिन नावाच्या रक्ततपासणीने. हिमोग्लोबिन १२.५ असलं आणि माझ्या द्रावणात थेंब बुडाला तरी साठा रिकामा असू शकतो. केस गळतात, जिना चढताना धाप लागते, कशात लक्ष लागत नाही, अशी तक्रार असेल तर ती एक तपासणी करून घ्या.

एक खूण मात्र घरात नक्की बघा. तुमची मुलगी पाटीवरची पेन्सिल खाते का? खडू, कच्चे तांदूळ, भाजकी माती, फ्रिजमधला बर्फ? एका मुलीच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात पाटीच्या पेन्सिलींचा अख्खा पुडा होता, निम्म्या कुरतडलेल्या, आणि आई तिला त्यासाठी मारायची. तिचं हिमोग्लोबिन ७ च्या आसपास निघालं. गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तिची पेन्सिल आपोआप सुटली. तो हट्ट किंवा घाणेरडी सवय नव्हती, शरीरातलं लोह संपलं होतं. तेव्हा रागावू नका, तपासणी करा.

पुरुषांबद्दल थोडक्यात सांगते. पुरुषाचं, किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी निघालं तर आधी रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं. मूळव्याध, पोटातला अल्सर, सांधेदुखीच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणं, आतड्यातली गाठ, यातलं काहीही असू शकतं. नुसत्या टॉनिकच्या बाटलीवर भागवू नका.

गोळ्या सुरू केल्यावर महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. नियमित घेऊनही एक अंकानेसुद्धा वाढलं नसेल तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या रक्ताच्या सौम्य दोषाची, तपासणी करून घ्या. त्यातही रक्त कमी दिसतं, पण लोह कमी असतंच असं नाही, आणि तेव्हा वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहणं चुकीचं. गडचिरोली-नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचाही विचार करावा लागतो. आणि गोळ्यांची बाटली लहान मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. लाल गोडसर गोळी त्यांना चॉकलेट वाटते, आणि मूठभर गोळ्या लहान बाळाच्या जिवावर बेतू शकतात.